फेस्टिंगर किती मोठा, हे कशावरून ठरवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात एम. ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीला प्रकल्पासाठी ‘लिऑन फेस्टिंगर : संशोधनकार्य आणि प्रभाव’ हा विषय मिळाला आहे. फेस्टिंगर म्हणजे बोधनिक विसंवादाचा सिद्धान्त मांडणारा अमेरिकन सामाजिक मानसशास्त्रज्ञ. चरित्र, सिद्धान्त, पुरस्कार आणि शेवटी गूगल स्कॉलरवरचे उद्धरणांचे (सायटेशन्सचे) आकडे, असा आराखडा तिने केला. मार्गदर्शकांनी तो परत केला. म्हणाले, यात प्रभाव कुठेच दिसत नाही. मग प्रभाव दाखवायचा कसा, आणि या माणसाचा आपल्याकडच्या कशाशी संबंध लावता येईल का, असं ती विचारते.

मार्गदर्शकांचं बरोबर आहे. तुमच्या आराखड्यात चूक अशी काही नाही, पण फेस्टिंगरचं नाव काढून तिथे दुसऱ्या कुणाचंही घातलं तरी तो तसाच चालेल. अडचण ती आहे. मी बरीच वर्षं असे प्रकल्प तपासले आहेत आणि शेवटच्या प्रकरणात हमखास आकड्यांचा तक्ता येतो. आकडा द्यायला हरकत नाही. एका ओळीत द्या आणि पुढे चला. लोकांनी नाव घेतलं एवढंच तो सांगतो. मूळ लेख वाचून घेतलं की दुसऱ्याच्या संदर्भसूचीतून उचललं, पटलं म्हणून घेतलं की खोडायला घेतलं, हे त्यातून कळत नाही. 2018 साली आपल्याच विद्यापीठातल्या अभ्यासकांनी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीतला विद्यापीठांनी सुचवलेला भाग तपासला, तेव्हा त्यातली बहुसंख्य नियतकालिकं साध्या निकषांवरही टिकली नाहीत. मोजदादीवर किती विसंबायचं, हे निदान पुण्यात तरी वेगळं सांगायला नको.

आकडा हवाच असेल तर त्यातल्या त्यात बरा असा एक आहे. 2002 साली स्टीव्हन हॅगब्लूम आणि सहकाऱ्यांनी विसाव्या शतकातल्या 100 नामवंत मानसशास्त्रज्ञांची क्रमवारी लावली. नियतकालिकांतली उद्धरणं, पाठ्यपुस्तकांतले उल्लेख आणि मानसशास्त्रज्ञांना विचारलेली मतं, शिवाय काही मानसन्मान, हे सगळं त्यांनी धरलं. त्यात स्किनर, पियाजे, फ्रॉइड, बॅन्ड्युरा आणि पाचवा फेस्टिंगर. आता गंमत बघा. पहिले चौघे आपापल्या क्षेत्रात अखेरपर्यंत राहिले. फेस्टिंगर मात्र सामाजिक मानसशास्त्रात जेमतेम वीस वर्षं होता आणि ऐन भरात तिथून उठून गेला. तरी पाचवा. का, हा तुमच्या प्रकल्पाचा प्रश्न.

माझं उत्तर असं की त्याने इतरांच्या हातात एक असा प्रश्न दिला, ज्यावर त्याच्याविरुद्ध काम करणंही फायद्याचं ठरलं. तेव्हा प्रकल्प फेस्टिंगरच्या जन्मापासून सुरू करू नका. तो प्रश्न कुठून आला, तिथून सुरू करा. आणि तो आला बिहारमधून.

15 जानेवारी 1934 रोजी बिहार-नेपाळ सीमेवर प्रचंड भूकंप झाला. त्यानंतर पसरलेल्या अफवा जमुना प्रसाद यांनी गोळा केल्या आणि 1935 साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी’मध्ये त्यावर लेख लिहिला. पाटण्याला अमुक तारखेला भयंकर वादळ येणार. चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा भूकंप होणार. नेपाळच्या बाजूने पुराचा लोंढा मधुबनीकडे निघालाय. गंगेचं पाणी क्षणात नाहीसं झालं आणि स्नान करणारे वाळूत रुतले. अफवा या जातीच्या होत्या. 1951 च्या सुमारास फोर्ड फाउंडेशनच्या बर्नार्ड बेरेलसनने फेस्टिंगरला संप्रेषण आणि सामाजिक प्रभाव या विषयावरचं विखुरलेलं संशोधन एकत्र मांडायला सांगितलं होतं. त्या वाचनात हा लेख त्याच्या पुढ्यात आला आणि तो अडला.

अडला अशासाठी, की या अफवा जिथे घरं कोसळली तिथल्या नव्हत्या. जमीन जोरात हादरली पण नुकसान मात्र झालं नाही, अशा भागातल्या होत्या. घाबरलेल्या माणसाला दिलासा हवा असतो, हा तेव्हाचाही समज आणि आजचाही. मग ज्यांचं काही बिघडलं नव्हतं ते लोक, याहून वाईट येणार आहे, असं एकमेकांना का सांगत होते? फेस्टिंगरचा अंदाज असा : हे लोक आधीच घाबरलेले होते, पण आजूबाजूला बघावं तर भ्यायला कारण दिसत नव्हतं. अफवेने भीती निर्माण केली नाही. असलेल्या भीतीला कारण पुरवलं.

असा अंदाज मांडल्यावर त्याला उलट बाजूची तपासणीही सापडली, हे फार महत्त्वाचं. दार्जिलिंगला 1950 साली दरडी कोसळल्या, माणसं मेली, घरं गेली. तिथल्या अफवांचा अभ्यास दुर्गानंद सिन्हा यांनी केला आणि तो 1952 साली त्याच नियतकालिकात आला. तिथे विध्वंस डोळ्यांसमोर होता, भीतीला कारण शोधायची गरज नव्हती, आणि पुढे याहून मोठं संकट येणार अशा अफवा तिथे आढळल्या नाहीत. हेच सिन्हा पुढे अलाहाबाद विद्यापीठात गेले, 1961 साली तिथला मानसशास्त्र विभाग उभा केला आणि भारतीय प्रश्नांवरचं मानसशास्त्र म्हणून आयुष्यभर आग्रह धरला. फेस्टिंगरच्या 1957 च्या पुस्तकात हे दोन्ही अभ्यास आहेत. बोधनिक विसंवादाचा, म्हणजे कॉग्निटिव्ह डिसोनन्सचा सिद्धान्त शिकवताना आपण मात्र थेट 1959 च्या डॉलरच्या प्रयोगावर (तो पुढे येतोच) उडी मारतो. माझ्या मते हा आपल्या अभ्यासक्रमातला सर्वांत विनोदी प्रकार आहे.

पण जपून. सिद्धान्त मुळात भारतीय होता, असं लिहाल तर परीक्षक सोडणार नाहीत आणि सोडूही नये. नोंदी प्रसाद आणि सिन्हा यांच्या. त्या शेजारी ठेवून, मनात दोन गोष्टी जुळेनाशा झाल्या की माणूस त्या जुळवायला धडपडतो, हा सर्वसाधारण नियम काढणं फेस्टिंगरचं. दोन्ही श्रेयं वेगवेगळी लिहा.

चरित्र दोन पानांत संपवा. 1919 साली ब्रुकलिनमध्ये जन्म, न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात शिक्षण, मग समूहांच्या अभ्यासासाठी गाजलेल्या कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाकडे आयोवाला. तिथे याला रस आकांक्षापातळी (माणूस स्वतःसमोर किती उंच ध्येय ठेवतो) आणि संख्याशास्त्रात, तर लेविन तोवर समूहांकडे वळलेला. 1942 ला डॉक्टरेट, युद्धकाळात वैमानिकांच्या निवडीसाठी संख्याशास्त्रज्ञ म्हणून काम, 1945 ला लेविनमागोमाग एमआयटी. 1947 ला लेविन अचानक गेला. मग मिशिगन, मिनेसोटा, 1955 ला स्टॅनफर्ड. एवढं पुरे.

एमआयटीतलं एक काम मात्र सोडू नका. विवाहित विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या वेस्टगेट वसाहतीत कोण कुणाचे मित्र झाले, हे फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कुर्ट बॅक यांनी तपासलं. पुस्तक 1950 चं. एकाच मजल्यावर अगदी शेजारच्या दारातल्यांनी एकमेकांची नावं 41% वेळा घेतली, एक दार सोडून राहणाऱ्यांनी 22%, दोन टोकांच्यांनी 10%. अंतरं किती, तर काही फुटांची. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना वरच्या मजल्यावरचे मित्र जास्त. ज्याने वाड्यातला सामाईक नळ पाहिलाय त्याला यात नवल वाटणार नाही, पण ते मोजून दाखवणं नवीन होतं. आणि इथून त्याचा पुढचा रस्ता दिसतो. जवळ राहणाऱ्यांची मतं सारखी का होतात? त्यातून 1950 चा अनौपचारिक संप्रेषणावरचा लेख. आपलं मत बरोबर की चूक हे ठरवायला बाहेरचं माप नसेल तर माणूस इतरांकडे बघतो. त्यातून 1954 चा सामाजिक तुलनेचा सिद्धान्त. आणि इतरांशी नाही, स्वतःशीच जमेना झालं तर? त्यातून 1957 चा विसंवादाचा सिद्धान्त. या तीन पायऱ्या एका ओघात लिहा. तीन स्वतंत्र ‘योगदानं’ म्हणून तुकडे पाडू नका.

आता 1959 चा प्रसिद्ध प्रयोग. जेम्स कार्लस्मिथबरोबर केलेला. स्टॅनफर्डच्या मुलांना तासभर कंटाळवाणं काम दिलं : आधी ट्रेमधली रिळं भरायची, काढायची, मग 48 चौकोनी खुंट्या पाव-पाव वळणाने फिरवत बसायचं. नंतर काहींना विनंती केली की बाहेर थांबलेल्या मुलीला सांगा, काम फार मजेचं आहे. त्याबद्दल कुणाला 1 डॉलर, कुणाला 20. शेवटी खरंच किती आवडलं, हे उणे पाच ते अधिक पाच या मापावर विचारलं. प्रत्येक गटात 20 मुलं. खोटं बोलायला न लावलेल्यांची सरासरी उणे 0.45, 20 डॉलरवाल्यांची उणे 0.05 आणि 1 डॉलरवाल्यांची अधिक 1.35. ज्याला कमी मिळालं त्यानेच स्वतःची जास्त समजूत घातली.

हा निकाल त्या काळी का झोंबला, ते लिहा. बक्षीस जितकं मोठं तितकं वर्तन पक्कं, ही वर्तनवादाची, म्हणजे मनाऐवजी दिसणारं वागणंच अभ्यासणाऱ्या पंथाची, पायाभूत समजूत होती. इथे ती उलटी पडली, तीही वर्तनवाद्यांनाच मान्य असलेल्या पद्धतीने, प्रयोगशाळेत, आकड्यांसह. प्रभावाचं पहिलं लक्षण हेच की विरोधकांना गप्प बसता आलं नाही.

आणि ते बसले नाहीत. तुमच्या प्रकल्पाचा निम्मा भाग इथे जायला हवा. 1967 साली डॅरिल बेमने म्हटलं, मनातला ताण वगैरे मधे आणायची गरजच काय? माणूस स्वतःच्या वागण्याकडे बाहेरच्यासारखा बघतो आणि ठरवतो : एका डॉलरसाठी कुणी खोटं बोलत नाही, त्याअर्थी मला काम आवडलं असणार. भाकीत तेच, कारण वेगळं. दोघांत निवड कशी करायची? ताण खरोखर असतो का, हे तपासून. 1974 मध्ये मार्क झॅना आणि जोएल कूपरने सहभागींना निरुपद्रवी गोळी दिली आणि काहींना सांगितलं, हिने अस्वस्थ वाटेल. आपल्या अस्वस्थतेचा दोष गोळीवर ढकलता आला, तेव्हा त्यांचं मत बदललंच नाही. म्हणजे ताण काहीतरी काम करत होता. बेम हरला असं मात्र लिहू नका. जिथे माणसाचं मत मुळात कच्चं असतं तिथे त्याचं स्पष्टीकरण आजही चांगलं लागू पडतं.

त्यानंतरचे दोन धक्के अधिक खोल आहेत. जॅक ब्रेमने 1956 साली दाखवलं होतं की दोन वस्तूंतून एक निवडली की निवडलेली आणखी आवडू लागते आणि सोडलेली कमी. या पद्धतीवर पन्नासेक वर्षं लोकांनी काम केलं. 2010 मध्ये कीथ चेन आणि जेन रायझन यांनी दाखवलं की कुणाचीही आवड तसूभर न बदलता असा फरक आकड्यांत दिसू शकतो. पहिलं मोजमाप थोडं ढोबळच असतं; निवडीतून खरी आवड जास्त स्पष्ट होते; दुसऱ्या मोजमापात ती तशी उतरते, इतकंच. दुसरा धक्का 2024 चा. 39 प्रयोगशाळा आणि 4,898 सहभागी घेऊन स्वतःच्या मताविरुद्ध निबंध लिहायला लावण्याचा प्रयोग पुन्हा केला गेला. विरुद्ध निबंध लिहिणाऱ्यांचं मत सरकलं. पण ‘तुमची इच्छा असेल तरच लिहा’ म्हटलेल्यांत आणि नुसतं ‘लिहा’ म्हटलेल्यांत अपेक्षित फरक दिसला नाही. सिद्धान्तानुसार सगळी मेख त्या स्वेच्छेत आहे. तेव्हा हे किरकोळ नाही.

मग सिद्धान्त पडला का? माझं मत विचाराल तर मूळ निरीक्षण उभं आहे, त्याभोवतीची बरीच तपशिलाची मांडणी डळमळली आहे. तुमचं मत वेगळं असेल तर तसं लिहा, फक्त 2024 चा लेख पूर्ण वाचून. वृत्तपत्रांतल्या ‘सिद्धान्त खोटा ठरला’ छापाच्या बातमीवरून नको.

‘व्हेन प्रॉफेसी फेल्स’ या 1956 च्या पुस्तकाबद्दल मी तुम्हाला अधिक कडक राहायला सांगेन. फेस्टिंगर, हेन्री रीकन आणि शॅक्टर यांचं ते पुस्तक. शिकागोजवळच्या डोरोथी मार्टिन यांचं भाकीत होतं की 21 डिसेंबर 1954 ला महापूर येणार आणि भक्तांना उडती तबकडी नेणार. संशोधकांनी आपली माणसं भक्त म्हणून आत घुसवली. पूर आला नाही, तबकडीही नाही, आणि पुस्तक सांगतं की त्यानंतर गटाने प्रचार वाढवला. छोट्याशा गटात इतकी माणसं बाहेरून पेरल्यावर गटाचं वागणं त्यांचं स्वतःचं राहील का, ही शंका जुनीच. 2025 मध्ये थॉमस केली या अभ्यासकाने फेस्टिंगरची खुली झालेली कागदपत्रं वाचून असं मांडलं की निरीक्षकांनी नुसतं निरीक्षण केलं नाही, घडणाऱ्या गोष्टींत हात घातला, आणि भाकीत फसल्यावरचा गट पुस्तकात रंगवला तसा टिकला नाही. हे पुस्तक पुरावा म्हणून वापरू नका. त्याच्या प्रभावाचं उदाहरण म्हणून जरूर वापरा, कारण बुवाबाजीवर मराठीत कुणीही लिहायला बसलं की हीच गोष्ट येते. प्रभाव मोठा आणि पुरावा कच्चा, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे त्या प्रकरणात स्पष्ट म्हणा.

शिष्यपरंपरेचं प्रकरण छोटं ठेवा, पण नुसती नावांची माळ नको. कुणी गुरूचा प्रश्न कुठे नेला ते सांगा. ब्रेमने 1966 साली प्रतिरोधाचा स्वतंत्र सिद्धान्त मांडला : मनाई केली की तीच गोष्ट हवीशी वाटते. एलियट अॅरन्सनने 1971 मध्ये ऑस्टिनच्या शाळांत वेगवेगळ्या वंशांच्या मुलांना एकमेकांवर अवलंबून अभ्यास करायला लावणारी ‘जिगसॉ’ पद्धत आणली. शॅक्टर भावनांकडे गेला आणि त्याच्या हाताखालून रिचर्ड निस्बेट, ली रॉस हे पुढचे नामवंत सामाजिक मानसशास्त्रज्ञ बाहेर पडले. त्यांच्यापैकी कुणीही फेस्टिंगरची पुनरावृत्ती करत बसलं नाही.

तो स्वतःही नाही. 1964 च्या सुमारास त्याने सामाजिक मानसशास्त्र सोडलं आणि डोळ्यांच्या हालचाली व दृष्टिसंवेदनाचा अभ्यास धरला. 1968 ला न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलमध्ये गेला, 1979 ला ती प्रयोगशाळाही बंद केली आणि पुरातत्त्वाकडे वळला. आदिमानवापासूनच्या समाजरचनेवरचं त्याचं पुस्तक 1983 चं. 1989 ला वारला. आपल्याकडे असं कुणी केलं तर लोक ‘भरकटला’ म्हणतील, पदोन्नतीच्या मुलाखतीत तर नक्कीच. मला वाटतं, त्याच्या जाण्याने सिद्धान्ताचं भलं झालं. मालक दारात राखण करत बसला नाही. बेमने उभा केलेला वाद झॅना, कूपर यांच्यासारख्या पुढच्या पिढीने लढवला. आपला सिद्धान्त बदलणार, हे त्याला गृहीतच होतं. जो सिद्धान्त तपासताच येत नाही तोच तसाच्या तसा राहतो, अशा आशयाचं तो 1987 मध्ये बोलला होता.

आता आपल्याकडचा संबंध. तुम्ही सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून वर्षानुवर्षं एमपीएससी देणाऱ्यांचं उदाहरण सुचवलंय : जितके कष्ट जास्त, तितकं ध्येय मोठं वाटू लागतं. गटात शिरायला जास्त त्रास सोसलेल्यांना तो गट जास्त आवडतो, असं दाखवणाऱ्या अॅरन्सन आणि जडसन मिल्स यांच्या 1959 च्या प्रयोगाशी ते जुळतं, म्हणून मोहात पाडतं. पण ज्यांना ध्येय मुळातच मोठं वाटत होतं तेच टिकले आणि बाकीचे गावी परतले, हे साधं स्पष्टीकरण तुम्ही कसं बाजूला काढणार? परत गेलेल्यांच्या मुलाखती घेतल्याशिवाय नाही, आणि एका सत्रात ते होणार नाही. सोडून द्या.

त्यापेक्षा बिहार-दार्जिलिंगची तुलना पुण्यात करा. 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. त्या भागातल्या, आणि जिथे पाणी आलं नाही पण धास्ती होती अशा शेजारच्या सोसायट्यांतल्या लोकांचे त्या दिवशीचे व्हॉट्सअॅप संदेश मिळवता आले, तर पुढच्या संकटाच्या अफवा कोणत्या बाजूला जास्त होत्या ते मोजता येईल. संदेशांवर वेळ छापलेली असते. आठवणीवर विसंबावं लागत नाही. हा फायदा प्रसादांना नव्हता. पानशेतचं 12 जुलै 1961 घेऊ का, असं मनात आलं असेल तर नको. ज्यांनी तो पूर पाहिला त्यांनी ती गोष्ट इतक्यांदा सांगितली आहे की त्या दिवशीची अफवा आणि नंतरची भर वेगळी काढणं अवघड. संदेश घेताना लेखी संमती घ्या, नावं-नंबर काढून टाका. संस्थेच्या नीतिसमितीकडे आधी जा.

प्रभाव पुण्यापर्यंत कसा पोचला, यासाठी विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात जुन्या अभ्यासक्रमपत्रिका आणि प्रबंध बघता येतील. आनंद परांजपे यांचं जात आणि पूर्वग्रहांवरचं 1970 चं इंग्रजी पुस्तकही काढा. पुण्यात सामाजिक मानसशास्त्राचे प्रश्न तेव्हा कसे विचारले जात होते ते त्यात दिसेल. फेस्टिंगरचा ठसा तिथे नसेल तर नाही म्हणा, ओढूनताणून लावू नका.

व्हायवाला (तोंडी परीक्षेला) दोन प्रश्नांची तयारी ठेवा. 1 आणि 20 डॉलरच्या निकालाचं बेमचं स्पष्टीकरण फळ्यावर मांडून दाखवा, असं कुणीतरी नक्की म्हणेल. आणि 2024 चे निकाल माहीत असताना हा विषय एम. ए. ला अजून का शिकवायचा, हेही विचारतील. दुसऱ्याला मी वर माझं उत्तर दिलंय, ते तसंच्या तसं म्हणू नका. तुमचे मार्गदर्शक माझं लिखाण ओळखतात.